आवाज मागून येतो

सोमवार
आज लेकाच्या नव्या घरी दाखल झाले. दोघं नवराबायको कामावर जातात, चार वर्षांच्या नातीला सांभाळायला कोणी हवं, म्हणून माझी वर्णी. सूनबाई म्हणाली, आई, एवढं सामान कशाला आणलंत? म्हटलं, मी फक्त जीभच आणणार होते, बाकीचं वाटेत चिकटलं.

लेकाने टीव्हीखाली काळा लांबोडका साउंडबार बसवला. मी त्याचं नाव पट्टी ठेवलं, आमच्या मास्तरांच्या पट्टीवरून. वायर भलत्याच भोकात घालून लेक मघापासून पट्टीलाच शिव्या देत होता. शेवटी ती वाजली. मग म्हणाला, आता ती खोलीचा अंदाज घेणार, टुणटुण थांबेपर्यंत कोणी बोलायचं नाही. मी आणि गप्प? मला गप्प बसवणं ह्यांना जन्मभर जमलं नाही, ते वर गेले तरी मी बोलतेच आहे. टुणटुण सुरू झालं तसं मी पट्टीला विचारलं, काय गं टवळे, नवऱ्याला हाका मारतेस का? नात खिदळली. लेकाने कपाळावर हात मारला. पट्टीवरचा दिवा हिरवा झाला.

मंगळवार
बातम्यांतल्या बाईचे ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. लेकाने कंपनीला फोन लावला. तिकडची पोरगी म्हणाली, प्लग काढा, थांबा, परत लावा. तसं केलं आणि बाई सुधारली. माझा घसा मात्र बसलाय.

गुरुवार
नातीला म्हटलं, ऊठ गं आळशे. ओठ हलले, घशातून काही नाही. जरा वेळाने पट्टीतून माझाच आवाज आला, ऊठ गं आळशे. नातीने टाळ्या पिटल्या.

लेकाला खुणा केल्या. पट्टी माझ्याच आवाजात म्हणाली, काही नाही रे, चेष्टा करते. तो हसला. सगळं कागदावर लिहून सूनबाईच्या हातात दिलं. तिने वाचलं आणि म्हणाली, पुरे हं आता, पोरगी घाबरेल.

शुक्रवार
प्लग उपटला. वायर काढली. पट्टी बोलतेच. आता माझे ओठ हलतही नाहीत, तरी बोलते. नातीला म्हणते, जवळ ये, आजीला गुपित सांग. पोरगी पट्टीच्या जाळीला तोंड लावून बसते. ओढलं तर मलाच चावते.

रविवार
नातीचा आवाज पार बारीक झाला. सूनबाईला वाटतं सर्दी. पट्टी म्हणाली, वाफ देते गं तिला, तू नको काळजी करूस. पट्टी उचलून जिन्यात ठेवली होती. लेकाने परत आणली. रागावला. आई, महागाची वस्तू आहे, म्हणाला.

सोमवार
दोघं कामावर गेली.
पोरगी रडतेय. तोंड उघडं, डोळ्यांत पाणी, आवाज नाही —
लेकाचा फोन आला. मी उचलला. पट्टी म्हणाली, आम्ही दोघी मजेत आहोत रे. मागून नातीचं खिदळणं, तेही पट्टीतूनच. त्याने ऐकलं. बरं म्हणाला, ठेवला. पोर तर माझ्या मांडीवर —
हे पान शेजारणीला नेऊन दाखवते. बाई, ही थट्टा नाही, पोरीला आधी बाहेर —
पोरगी उठली. पट्टीकडे चाललीय. माझ्या हातातून तिचा हात सुटतोय —
पट्टी पोरीच्याच आवाजात बोलावतेय, आजी, तू पण ये —
मी नाही जाणार. पण पाय —