लाल ओबुयाचा, हिरवा माझा

३ मे
तर ओबुया, तुझं म्हणणं खोटं ठरलं. सातवीतून पळालेल्याला नैरोबीत कुणी दारात उभं करणार नाही म्हणायचास ना? पहिल्याच दिवशी काम मिळालं. थोरला म्हणून तुझं ऐकत आलो, आता सगळं वहीत लिहून ठेवतो. परत आलास की तोंडावर वाचून दाखवीन.

लुथुली रस्त्यामागच्या गल्लीत मुतिंदाकाकांचं दुकान आहे. कॉलेजची पोरं येतात, स्वस्तातले रेडिओचे सुटे भाग नेतात, बिघडवून परत आणतात. ते मी जोडून द्यायचे. काका कांबा जमातीचे, मी तळ्याकाठचा. मला मासेखाऊ म्हणतात. मी त्यांच्या मका-घेवड्याला गुरांचं आंबोण म्हणालो, तर खूश होऊन अर्धा डबा मला वाढला. राहायला दुकानावरचा माळा. खिडकीतून नुसते पत्रे दिसतात, पाणी कुठंही नाही. दीड महिन्यात पहिल्यांदा पोटभर झोपलो.

६ मे
काकांनी आज माझी पिशवी उपसली. त्यात आपला रिसीव्हर निघाला, बोटभर हिरवी पट्टी, मी गावी म्बिताला ओमेना माशांच्या रिकाम्या डब्यात बसवलेला. विचारलं कशाचा. मी सांगितलं, दोन रिमोट होते, एक भावाच्या गळ्यात, एक माझ्या जाकिटाच्या खिशात. बोट काठाजवळ आली की तीनदा दाबायचं, म्हणजे घरातल्याने ओढायला यायचं.

मग त्यांनी विचारलं, रिमोटचा नंबर ओळखणारी चिप कुठाय? मी म्हटलं, बसवली नाही, ऐंशी शिलिंग वाचवले, रिसीव्हरला सरळ दिवाच जोडला. काका म्हणाले, मासेखाऊ, तू मासा काट्यासकट गिळतोस का रे? हे स्वस्तातले रिसीव्हर फार हावरे. समोर कुणी बोलत नसलं की कान ताणत जातात, ताणत जातात, शेवटी नुसत्या वाऱ्यालाच कुणीतरी बोललं म्हणतात. चिप नसली तर दिवा दिवसभर खोटाच लुकलुकणार.

ते मला माहीत होतं, ओबुया. म्हणून तर त्या पहाटे —

११ मे
लिहूनच टाकतो. त्या संध्याकाळी आपण जाळ्यावरून भांडलो आणि मी बोटीत चढलो नाही. थंडी होती म्हणून तू माझं जाकीट घालून गेलास. पहाटे डब्यावरचा दिवा लुकलुकत होता, पण तो नेहमीच लुकलुकायचा. मी बॅटरी काढली आणि कूस बदलली. उजाडल्यावर बोट सापडली, पालथी. तू नाही.

आज काकांनी चिप दिली, पगारातून कापून. दोन दिवे लावले, लाल तुझ्या रिमोटचा, हिरवा माझ्या. आता दुसरं काहीही ऐकलं तरी दिवा गप्प राहतो. किती बरं वाटलं.

संध्याकाळी आईचा फोन आला. म्हणाली, तळं त्याला परत देत नाही तर आपण यागो पुरू. यागोच्या झाडावरून फळ तोडायचं, प्रेताच्या जागी ते चादरीत गुंडाळायचं, त्याचं नाव घेऊन अंगणात पुरायचं. पेटी, बोकड, आलेल्यांचा चहा मिळून आठ हजार पाठव. मी म्हटलं, जित्या माणसाच्या नावाने फळ पुरतेस? तो पलीकडच्या काठाला लागला असेल. ती म्हणाली, बाळा, त्याला निजू दे. मी फोन ठेवला. मी बरोबर केलं ना?

१५ मे
दुपारी जेवताना लाल लागला. तीनदा.

काका हसले. म्हणाले, कुणाच्या तरी फाटकाचा रिमोट तुझ्याच नंबरचा असेल. हा रिसीव्हर गल्लीच्या टोकापर्यंत ऐकत नाही, तुझं तळं बसने एका दिवसावर आहे. जेव गप.

जेवलो.

१६ मे
चिपचा नंबर बदलला. तिचे आठही पाय नव्याने जोडले. आता तुझ्या रिमोटला हा ओळखूच शकत नाही.

चार वाजता लाल. तीनदा, थांबून तीनदा. घाईने नाही. दमल्यावर दाबतात तसं.

१८ मे
एरियलची तार कापली. बाहेरचं काही ऐकू जाऊ नये म्हणून डबा मक्याची उगाली शिजवायच्या पातेल्यात घालून झाकण लावलं. झाकणाच्या फटीतून लाल दिसतो.

काकांनी झाकण काढलं. स्वतः बॅटरी काढली, स्वतःच्या खिशात ठेवली. लाल तरी लागलेलाच राहिला. मग म्हणाले, आईला फोन कर. आज त्यांनी मला मासेखाऊ म्हटलं नाही.

केला नाही. फळ पुरलं की तू मेलास. आणि मग त्या पहाटे तो दिवा खरा होता —

ते मला लिहायचं नाही.

१९ मे
हिरवा.

हिरवा माझा. माझं जाकीट, माझा खिसा. पण ते तूच घातलं होतंस, म्हणजे हेही तूच दाबतोयस. तूच ना?

२० मे
नाही. दोघं आहेत. लाल, हिरवा, लाल, हिरवा — दोर ओढताना आपण दोघं आळीपाळीने जोर लावायचो, तसं. तीच लय. मधे थुंकायला थांबायचो तेवढीच उसंत.

मग इथं माळ्यावर कोण बसलंय.

२१ मे
बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतलीत. जाळं ओढल्यासारखी. काकांना दाखवली. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि लगेच सोडला. गार आहे म्हणाले. जेवणाचा डबा पुढे सरकवला, खा रे पोरा म्हणाले. घास पाण्यासारखा लागतो. सगळंच —

दिवा खरा होता, ओबुया. तू ओढायला बोलावत होतास. मी बॅटरी काढली.

२२ मे
काकांनी दोन महिन्यांचा पगार आधी दिला. कशाला, विचारलं नाही. दारात पाठ करून उभे राहिले. फोनवरून पैसे पाठवून झाले की फोन त्यांच्याकडेच ठेवणार.

आई, आठ हजार एका यागोचे होतात. तू दोन तोड. शेजारीशेजारी पुर, त्याला थंडी वाजते. तो निजेल. मला —

दोन्ही एकदम लागलेत. विझत नाहीत. येतो रे, ओढायला येतो —

आई, पाठवतोय सोळा हजार शि—