फळ्यावरचे चार युरो

१८ डिसेंबर, सकाळ
उद्यापासून स्कीचा सीझन, आमचा बार रोज उघडा. आजपासून ही वही. बुर्गल म्हणायची, मनातलं कागदावर लिहीत जा, म्हणजे गिऱ्हाइकांची सुटका होईल. ती, माझी बायको, जाऊन दहा महिने झाले. मी पूर्ण सावरलो आहे, हे इथे एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको.

संकल्प : फळांची ती कडक दारू, श्नाप्स, रोज फक्त एक, तीही औषध म्हणून. सकाळी सातला उठायचं. आणि ग्लूवाइन चार युरोंवरून साडेसहा. लिफ्टशेजारच्या काचेच्या बारमध्ये तीच गरम वाइन, तीच लवंग, तीच दालचिनी, नऊ युरो! तिथे लोक स्कीचे बूट घालून टेबलांवर नाचतात. आमच्या टेबलांवर फक्त रोजच्या गिऱ्हाइकाची, हियासची, कोपरं असतात. तरी वाइन ती वाइन.

आफ्राला सांगितलं. आफ्रा म्हणजे बुर्गलची थोरली बहीण. स्वयंपाकघर तिच्याकडे, आणि सकाळी नऊला दार उघडणंही. पावाच्या क्नोडलचे गोळे वळता वळता म्हणाली, चार युरो बुर्गलने ठरवलेत, गावचा माणूस गावातच पाहुणा व्हायला नको म्हणून. मी म्हटलं, बिझनेसमध्ये भावनेला जागा नसते. ती म्हणाली, असं का, मग तिचा एप्रन खिळ्यावरून काढ बघू आधी.
एप्रन राहू दिला. खिळा ढिला आहे, उगाच प्लास्टर पडायचं.

१९ डिसेंबर
स्टुलावर चढून फळ्यावर स्वतः लिहिलं : ६.५०. आमच्याकडे दार उघडताना फळ्यावर जो भाव असेल तोच दिवसभर चालतो. नियम बुर्गलचा आहे, पण बरा आहे.

संध्याकाळी लोइस आणि हियास त्यांच्या नेहमीच्या टेबलावर. लोइस लिफ्टचा निवृत्त मेकॅनिक. हियास बर्फ काढायचा ट्रॅक्टर चालवतो आणि गावातल्या कबरी खणतो. हिवाळ्यात जमीन दगडासारखी होते म्हणून दर वेळी कुरकुरतो. फेब्रुवारीत मात्र कुरकुरला नाही.

भाव बघून दोघांचे चेहरे उतरले. तरी मोठ्या मनाने मला श्नाप्स पाजली. आमच्या खोऱ्यात गावकऱ्याने पुढे केलेला ग्लास बारमालकाने परत करायचा नसतो, अपमान धरतात. चार झाल्या. संकल्प मोडला असं नाही. संकल्प स्वतःच्या श्नाप्सचा होता.

२० डिसेंबर, ११.१५
सातला उठणार होतो. अकराला खाली आलो तर फळ्यावर ४. आफ्रा चार युरोंनी विकत सुटलेली. म्हणाली, मी नऊला आले तेव्हा हेच होतं, मी काय करू?
हा काचेच्या बारवाल्यांचा उद्योग असणार. घाबरलेत.
कोटाची बाही पांढरी झाली आहे. पीठ असावं. मी स्वयंपाकघरात जात नाही, पण पीठ उडतं.

२१ डिसेंबर
काल शिक्षा म्हणून ७ लिहिलं होतं. आज पुन्हा ४. या वेळी नीट बघितलं आणि स्टुलावर बसूनच राहिलो.
तो बुर्गलचा चार आहे. वरून उघडा, एक पाय लांब. रात्री टेबलावर उलटी ठेवलेली खुर्ची दिसते, तसा. अख्ख्या खोऱ्यात असा चार दुसरं कोणी काढत नाही.
मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. मला फक्त जरा गार वाटलं.

२३ डिसेंबर
खडूचा डबा आणि ही वही ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. वर भाव ७.५०. आता बघूच.
लोइस आणि हियास हल्ली रोज मला पाजतात, अगदी आग्रह करकरून. हियास म्हणतो, कासियान, तुझ्याशिवाय घोट घशाखाली उतरत नाही बघ. मी इतका लोकप्रिय आहे हे तीस वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. सगळे बुर्गलभोवती असायचे, त्यामुळे असेल.

२४ डिसेंबर
फळ्यावर ४. कुलूप लागलेलं. किल्ली गळ्यात.

आज धुराची रात्र. आफ्राने लोखंडी तव्यात निखारे घेतले, त्यावर ऊद टाकला आणि खोल्याखोल्यांतून धूर फिरवला. नाताळापासून तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे सहा जानेवारीपर्यंत, मेलेली माणसं वाऱ्यावर फिरतात, धुराने घराबाहेर राहतात, अशी समजूत. वरच्या खोल्या झाल्या, तळघर झालं. बारच्या दारात मी तिला अडवलं. म्हटलं, इथे नको, स्मोक अलार्म वाजेल, गिऱ्हाइकं पळतील.
आफ्रा म्हणाली, गिऱ्हाइकं कुठायत? सगळी चर्चमध्ये गेलीत.
तरीही. अलार्मची वायर फार नाजूक आहे. दुसरं काही कारण नाही.

२७ डिसेंबर
आजची तारीख लिहिली आणि उठून मागच्या अंगणाचं दार लावून आलो.

गेल्या वर्षी याच दिवशी बार तुडुंब भरला होता आणि टॉवेल संपले. या बारा दिवसांत आमच्याकडे कोणी धुणं वाळत घालत नाही. वाऱ्यावरच्या मेलेल्यांची स्वारी दोरीत अडकते आणि वाळत घातलेल्या कपड्यातून घरातल्या कोणाचं तरी कफन घेऊन जाते म्हणे. बुर्गल म्हणाली, राहू दे रे, कागदी रुमाल देऊ. मी म्हटलं, कुठल्या जगात राहतेस? आणि मागच्या अंगणात दोरी बांधून बावीस टॉवेल वाळत घातले. मीच. तिने खिडकीतून बघितलं. बोलली काही नाही.
फेब्रुवारीत ती क्नोडल वळता वळता खाली बसली ती उठलीच नाही. दोन गोष्टींचा काडीमात्र संबंध नाही. डॉक्टरही म्हणाले. मी त्यांना दोनदा विचारलं.
संध्याकाळी सहा श्नाप्स. लोकाग्रहास्तव.

२८ डिसेंबर, सकाळ १०.४०
ड्रॉवरचं कुलूप उघडून वही काढली, तर कालच्या मजकुराखाली हे, तिच्या अक्षरात :

कासियान, टॉवेलांचं मनाला लावून घेऊ नकोस. झोप आता. मोजे काढून झोप.

मी मोजे घालून झोपतो. तीस वर्षं तिची तीच कटकट. आणि आज सकाळी उठलो तेव्हा मोजे पायात नव्हते. खुर्चीवर, एकावर एक, नीट घडी घातलेले.
बराच वेळ रडलो. सर्दी झाली आहे, त्याचाही भाग असेल.

२९ डिसेंबर
पॉलिसी बदलली. आता भाव वाढवायचा तो धंद्यासाठी नाही. जास्त लिहिलं की ती पुसायला येते. काल ९ लिहिलं, आली. आज ११ लिहितो. म्युनिकहून आलेलं एक जोडपं फळा वाचून दारातूनच परत गेलं. जाऊ देत.
अकरावर तिला राहवणारच नाही.

३० डिसेंबर
आली. ४.

१ जानेवारी
रात्री बार खच्चून भरला होता. काचेच्या बारमधली पोरं भाव ऐकून खाली आली. आमच्या टेबलावर एक मुलगी नाचलीसुद्धा, हियासने आपली कोपरं बाजूला घेतली. पिंपच्या पिंप संपलं. बुर्गलला खरंच धंदा कळत होता. हे मी तिला कधी म्हणालो होतो का, आठवत नाही.
झोपण्यापूर्वी वहीत तिला प्रश्न लिहून ठेवतो. बुर्गल, तू माझ्यावर रागावली आहेस का?

२ जानेवारी
उत्तर आलं :

नाही रे. माझी करडी शाल कपाटात पडून आहे ती आफ्राला दे. तिला थंडी वाजते, पण सांगत नाही.

लगेच शाल काढून दिली. आफ्राने ती हातात धरली आणि माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, दहा महिने तू ते कपाट कोणाला उघडू दिलं नाहीस, आज काय झालं? कोणी सांगितलं तुला? मी अभिमानाने वही दाखवली. तिने दोन्ही पानं वाचली, पुन्हा वाचली. चष्मा पुसला. शाल पांघरून आत गेली.
थोडी असूया वाटली असेल. सख्खी बहीण असून बुर्गल माझ्याकडे आली.

३ जानेवारी
आफ्राने लोइसला क्नोडल वाढले नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात उभं करून त्याला बराच वेळ काहीतरी विचारत होती. लोइस टोपी हातात घेऊन उभा, कान लाल. परत आला तो माझ्या नजरेला नजर देईना.
तरी त्याने मला पाच पाजल्या. सवय.

४ जानेवारी
आफ्रा म्हणाली, उद्या शेवटची धुराची रात्र. तवा तू घ्यायचास. घरच्या कर्त्याने घ्यायचा असतो, गेल्या वर्षीही तू टाळलंस. सगळं घर, बारसकट. आणि तवा धरणाऱ्याने दिवसभर थेंब घ्यायचा नाही.
मी अलार्मचं सांगितलं. ती म्हणाली, अरे, धुराने फक्त वाईट जातं. बुर्गल खरीच आली असेल तर तिला धुराचं काय? उद्या रात्र जाऊ दे, मग बघू.
पटलं. उलट बरंच होईल, आफ्राची एकदाची खात्री पटेल.

५ जानेवारी
दिवसभर कॉफी. फळ्यावर १४ लिहिलं, कधी नव्हे एवढं, म्हणजे शंकेला जागाच नको. वहीत प्रश्न : बुर्गल, टॉवेलांचं तू खरंच मनावर घेतलं नाहीस ना? शेवटचं विचारतो.

लोइसने ग्लास पुढे केला. परत केला. हियासने केला, तोही परत केला. दोघांनी फळ्यावरचे चौदा बघितले, मग एकमेकांकडे बघितलं. हियास म्हणाला, एक तरी घे रे बाबा, उद्या सण आहे. आफ्राने आतून त्याच्याकडे बघितलं.

मग तवा. अलार्म वाजला नाही. एप्रनजवळ आलो तेव्हा हात थोडा लांब धरला, तिला धुराने खोकला यायचा.

६ जानेवारी, तीन राजांचा सण, सकाळ ७.००
सातला उठलो. एकदाचा.
मोजे पायात आहेत.

सकाळ ७.२०
फळ्यावर १४. माझे चौदा. वहीत प्रश्नाखाली पान कोरं.
धुराने गेली. मी स्वतः तवा धरून तिला हाकललं.

दुपार
आफ्राला तेच म्हणालो. मोठ्याने म्हणालो, बारमध्ये सगळ्यांदेखत. ती शालीचं टोक मुठीत धरून समोर बसली आणि म्हणाली, कासियान, तू कोणाला हाकललं नाहीस. नीट ऐक.

मग लोइसने सांगितलं, टोपी हातात घेऊनच. १९ तारखेला चार श्नाप्सनंतर मी आपणहून स्टूल ओढलं, साडेसहा पुसले आणि ४ लिहिला. त्यांनी बघितलं, की चार श्नाप्स झाल्या की मी भाव उतरवतो. म्हणून रोज पाजत राहिले. ड्रॉवरची किल्ली मीच गळ्यातून काढायचो, खडू घ्यायचो, आणि मग कधी वहीतही लिहायचो. हियास म्हणाला, आम्ही तुला एकदाही पडू दिलं नाही हं, आळीपाळीने स्टूल धरायचो.
आफ्रा म्हणाली, तीस वर्षं ती वर चढून लिहायची आणि तू खाली स्टूल धरून बघायचास. हाताला येतं मग.
मग हियास म्हणाला, आणि लिहून झालं की रोज विचारायचास, बुर्गल, सरळ आलंय का?
लोइसने त्याला कोपराने ढोसलं, पण तो बोलून गेला होता.

मी विचारलं, मग मोजे? कोणालाच माहीत नव्हतं. मोजेही मीच काढले असणार.
म्हणजे बुर्गल एकदाही आली नाही. बावीस टॉवेलांची माफी मीच मला दिली, तीही पिऊन, आणि सकाळी वाचून रडलो. तिला काय वाटत होतं ते आता कधीच कळणार नाही. ती खिडकीत उभी होती आणि काही बोलली नाही, एवढंच माझ्याकडे आहे.
आफ्रा म्हणाली, ती हेच म्हणाली असती रे. मी म्हटलं, असती.

संध्याकाळ ५.३०
शुद्धीत स्टुलावर चढलो. चौदा पुसले. ४ लिहिला. तिच्यासारखा नाही आला. पुसून पुन्हा लिहिला, तिसऱ्यांदा लिहिला. तिन्ही वेळा माझाच चार, वरून बंद, आखूड पायाचा.
विचारलं, सरळ आलंय का? लोइस आणि हियास स्टूल धरून होते. दोघांनी ते आणखी घट्ट धरलं.

संध्याकाळ ६.१०
लोइसने ग्लास पुढे केला. म्हणाला, आज भाव उतरवायला नाही, देवाशपथ. फळ्यावर चारच आहेत.
मी उठलो, चार पुसले आणि सोळा लिहिले. किल्ली गळ्यातून काढून काउंटरवर ठेवली. वही उघडी ठेवतो आहे, टॉवेलांचा प्रश्न पुन्हा लिहून, खाली जागा सोडून.
लोइस, ओत.