सोयाबीनला वळसा

आबा, रस्ता आता चार पदरी झाला आहे. तुमच्या वेळी समोरून एसटी आली की सायकलवाल्यानं मातीत उतरायचं, एवढाच तो होता. आता मधे दुभाजक आहे. दोन्ही कडांना पांढरी पट्टी आहे आणि पट्टीच्या बाहेर हात-दोन हात रस्ता उरतो. तो सायकलसाठी म्हणून कुणी ठेवलेला नाही, पण सायकलवाल्याला जागा तेवढीच आहे. दसरा झाला की तिथंच सोयाबीन पडतं. नंतर मका, उन्हाळ्यात हळद. गावात खळी उरली नाहीत आणि रस्ता चांगला तापतो. बाहेरच्या, वाहनांच्या अंगाला दगडांची ओळ लावतात, म्हणजे गाडी आत येत नाही. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. लिहिण्याचं कारण एवढंच की तुमची नात त्या रस्त्यानं सायकलवर कामाला जाते.

ती वारंगा फाट्याकडच्या एका दवाखान्यात नर्स आहे. सकाळची पाळी असली की त्या वेळेला बस नसते. मी गावाजवळच्या कॉलेजात बदली घेतली तेव्हा वाटलं होतं की आई एकटी आहे, तिला सोबत होईल. आई गेली आणि आम्ही दोघी इथंच राहिलो. स्कूटी घेऊन देते म्हटलं तर पोरगी म्हणाली, ‘‘स्कूटीला काय सोयाबीन लागत न्हाई का?’’ तिच्याजवळ हेल्मेट आहे. चमकणारं जाकीट आहे, मागं लाल दिवा आहे, हँडलला आरसा आहे. तुमच्याजवळ ट्यूबचं कापलेलं रबर होतं. आई भाकरी थापते आहे, तुम्ही उंबऱ्यावर बसून पँटच्या उजव्या पायाला ते रबर चढवता आहात, मग खिसा चाचपता. खिशात शाळेच्या किल्ल्या. फाटक, कार्यालय, वर्ग, सगळं तुम्ही उघडायचं आणि घंटाही तुम्हीच द्यायची. आई म्हणते, ‘‘हळू जावा.’’ तुम्ही म्हणता, ‘‘हळू गेलं तर शाळा काय थांबती?’’ हे रोजचं बोलणं होतं. दोघांपैकी कुणी ते ऐकत नसे.

सायकल तुम्हीच शिकवलीत मला, शाळेच्या मैदानात, रविवारी. पहिलाच नियम सांगितलात तो असा की मागं पाहायचं नाही. ‘‘मागं पाहिलं की हँडल वळतं. ऐकायचं. ट्रक हाय का जीप हाय, जवळ हाय का दूर, कानाला कळतं बराबर.’’ तुम्ही स्वतः कधी मागं पाहिलं नाही. मी मागं कॅरिअरवर बसलेली असे तेव्हा तुमची पाठ तेवढी दिसायची आणि आवाज जवळ आला की मान किंचित ताठ व्हायची. मला ट्रक कळायचा तो तुमच्या मानेवरून.

एक दिवस फार स्पष्ट आठवतो. मी चौथीत असेन. सोयाबीन तेव्हा आपल्याकडं नवंच होतं, लोक त्याच्याकडं पाहुण्यासारखं बघायचे. भावकीतली काकी आपल्या ओळीच्या टोकाला गोणपाट टाकून बसली आहे, हातात शेळ्या हाकलायची काठी.

‘‘काय घंटेवाले, आज लेकीला बी नोकरीला लावलं काय?’’

‘‘तुमी सडक मोकळी सोडली तर लागंल.’’

‘‘सडक काय तुमच्या शाळेची हाय?’’

‘‘न्हाई वहिनी, ट्रकवाल्याची हाय. त्याला इचारून टाकलं का सोयाबीन?’’

काकी हसते. तिच्या वरच्या ओळीत एक दात नाही. मागून हॉर्न येतो, लांब, न थांबणारा. तुमची मान ताठ होते. मी घाबरून म्हणते, ‘‘आबा, वरून घ्या ना, सोयाबीनवरून.’’ तुम्ही ब्रेक लावता, पाय टेकता, मला खाली उतरवता, सायकल दगडांच्या ओळीला चिकटवून उभी करता. ट्रक जातो. त्याच्या वाऱ्यानं माझा फ्रॉक उडतो. मग तुम्ही माझ्याकडं वळता. मारलं नाहीत. पण आवाज असा होता की काकीनं मान खाली घातली. ‘‘खायची वस्तू हाय ती. त्याच्यावर चाक न्हाई घालायचं. मरायची पाळी आली तरी न्हाई.’’ तेवढ्यात काकी उठली आणि अनवाणी पायानं सोयाबीन हलवायला लागली. पाय घासत गेलं की दाणा उलटतो, तसं सगळेच हलवतात. मी बोट दाखवलं. तुम्ही म्हणालात, ‘‘तिचं हाय. ती हलवीन. आपलं न्हाई.’’ मग हातात सायकल धरून आपण ती ओळ संपेपर्यंत चालत गेलो.

उतरून चालत जाणं, एवढाच खरा उपाय होता. तुम्ही तो रोज करायचात. म्हणून तर शाळेच्या वेळेच्या पुष्कळ आधी घर सोडायचात.

सहामाही परीक्षेच्या दिवशी तुम्ही उतरला नाहीत. आदल्या रात्री आईला ताप होता, सकाळी भाकरी तुम्हीच थापल्यात, त्यात वेळ गेला. मी नववीत होते आणि मैत्रिणींबरोबर शेतातल्या वाटेनं जात असे, म्हणून मी रस्त्यावर नव्हते. लोकांनी नंतर सांगितलं ते असं: समोरून ट्रॅक्टर येत होता, टेप मोठ्यानं लावलेला. त्या आवाजात तुम्हाला मागचा टँकर ऐकू आला नसावा. सोयाबीनची ओळ आली आणि तुम्ही वळसा घेतला. टँकरवाला म्हणाला, माणूस सरळ चालला होता, एकाएकी मधे आला. तो खोटं बोलला असं मला वाटत नाही.

शाळेचं फाटक बंद होतं. आम्ही सगळ्या हातात पॅड घेऊन बाहेर उभ्या. पोरं ओरडायला लागली, ‘‘घंटेवाले झोपले! पेपर कॅन्सल!’’ मीही हसले असेन. आपल्या बापावर सगळे हसताना पोरीनं जसं हसायचं तसं. मग एक मोटारसायकल आली. त्या माणसानं हेडमास्तरांना बाजूला नेलं, काही बोलला आणि किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हातात दिला. हेडमास्तरांनी स्वतः फाटक उघडलं. त्यांना कुलूप सापडेना, दोनदा चुकीची किल्ली लावली. घंटा त्यांनीच दिली. पेपर मराठीचा होता. मी पूर्ण लिहिला. शेवटी त्यांनी मला कार्यालयात बोलावलं. टेबलावर किल्ल्या होत्या आणि त्यांच्यातच अडकलेलं ते ट्यूबचं रबर होतं.

आईला घेऊन मी त्या जागी गेले तोवर दुपार झाली होती. सोयाबीन उचललेलं होतं. पोलीस यायच्या आत लोकांनी पोत्यांत भरून नेलं, कुणी कुणाला सांगायची गरज पडली नाही. दगड मात्र तसेच ओळीनं पडले होते, आत काहीच नसलेले. आईच्या अंगात अजून ताप होता. तिनं एकेक दगड उचलला आणि बांधापलीकडं फेकला. मी मदतीला वाकले तर म्हणाली, ‘‘तू राहू दे.’’ तिसऱ्या दिवशी काकी आली, दारातच बसली, छाती बडवून म्हणाली, ‘‘माझ्या दाण्यापायी गेला गं माझा दीर.’’ आईनं तिच्याकडं पाहिलं. मग विचारलं, ‘‘वाळलं का?’’ तो टोमणा होता की विचारपूस, मला अजून कळलेलं नाही. काकी रडायची थांबली आणि म्हणाली, ‘‘थोडं ओलं हाय.’’

पुढच्या वर्षी काकीनं रस्त्यावर काही टाकलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी टाकलं.

आता तिथं तिचा मुलगा टाकतो. या आश्विनात पोरीची सकाळची पाळी लागली तेव्हा मी तिला विचारलं, ‘‘सोयाबीन आलं की काय करतेस?’’

‘‘काय करणार, बाहेरून जाते. आरसा हाय ना.’’

‘‘वरून जात जा.’’ हे मी म्हटलं, आबा. तुमच्या लेकीनं.

ती डबा भरत होती. हात थांबला. ‘‘दाण्यावरून? तूच शिकवलं न्हाई का, ताटातलं सांडलं तर पाय लावू नको म्हणून? आणि घसरतं ते आई. गोट्यांवर चाक घातल्यासारखं. आमच्याकडं येतात ना पेशंट.’’

‘‘मग उतर. चालत जा.’’

‘‘गाव संपेपर्यंत ओळच हाय. उतरून गेले तर रोज लेट. लेट झालं की मेट्रन काय बोलते, तू ऐकलं न्हाईस.’’

‘‘लवकर निघ.’’

‘‘अजून लवकर? अंधारात?’’ मग ती हसली. ‘‘तू काहून एवढं घेऊन राहिली मनावर? पाहून जाते मी.’’

मी काकीच्या मुलाकडं गेले. तो चांगला माणूस आहे. खुर्ची दिली, चहा ठेवायला सांगितला. मी म्हटलं, निदान आबा गेले त्या जागी टाकू नका. तो खाली बघून बोलला, ‘‘ताई, तुमची तकलीफ समजत न्हाई असं न्हाई. आबा आमचे बी होते. पण आमी वाळवावं कुठं, डोक्यावर? सारे टाकून राहिले. मी एकटा उचललं तर तिथं दुसरा टाकीन.’’ मग त्याला काही सुचलं आणि चेहरा उजळला. ‘‘पोरीला सांगा, बिनधास्त वरून घाल म्हणावं सायकल. आमी काई म्हणणार न्हाई. आमी बी पायानंच हलवतो की.’’

तो मनापासून देत होता. ती परवानगी तुम्हाला कुणी दिली नव्हती. दिली असती तरी तुम्ही घेतली नसती. मी चहा पिऊन घरी आले. पोरीला निरोप सांगितला. ती म्हणाली, ‘‘घसरून पडले तर मोडलेलं हाड भरून देतील का म्हणावं, दाण्यांनी?’’

तिला नोकरी सोड म्हणता येत नाही. ते मी स्वतःला पुष्कळदा विचारून पाहिलं. रोज सकाळी ती हेल्मेटचा पट्टा लावते, मी दारात उभी राहते. तुमच्यासारखीच तीही खिसा चाचपते, त्यात तिचा मोबाईल असतो. मी ‘हळू जा’ म्हणत नाही. कॉलेजात पहिल्या तासाला मुलांना काहीतरी शिकवत असते आणि कान फोनकडं असतो. बातमीच्या आधी किल्ल्या येतात, हे मला माहीत आहे.

परवा रविवारी तिची सुट्टी होती. ती झोपली होती. मी तिची सायकल काढली. मनाशी ठरवलं होतं की सोयाबीनच्या कडेनं चाक घालून बघायचं, किती घसरतं ते. हळू गेलं तर जमतं का. जमलं तर तिला दाखवायचं. कितीतरी वर्षांनी सायकलवर बसले होते. हायवेला लागले. काकीच्या मुलाचं सोयाबीन लांबून पिवळं दिसत होतं. दगडांच्या ओळीपाशी पहिल्या दोन दगडांत फट होती, तिथून आत शिरायचं, एवढंच. मी हँडल घट्ट धरलं होतं.

पोरीला मी सांगितलं की गेलेच नाही, टायरमध्ये हवा कमी होती. हे पत्र तिच्या हाती लागू देणार नाही, आणि तुमच्यापर्यंत ते जाणार नाही. म्हणून इथं लिहिते. फटीपाशी आले आणि मी बाहेरून वळसा घेतला. आरशात पाहिलं नाही. ऐकलंही नाही.