कंपनीचे स्पीकर काढले त्याची हकिकत

तीर्थपुरी,
दसऱ्यानंतरचा रविवार, सन २००३

आदरणीय रामकिसनराव दाजी यांना धर्मराजचा वाकून नमस्कार. बेबीनंदास आशीर्वाद, भाचीस पापे. आम्ही सगळे खुशाल आहोत, निदान हे पत्र लिहायला बसेपर्यंत तरी होतो. तुमची तब्येत कशी आहे, घसा कसा आहे? (घशाचं मुद्दाम विचारतोय, कारण पुढे कळेल.) खरं तर फोनच करणार होतो, पण फोनवर तुमचा आवाज नांदेडच्या बाहेर पडतच नाही. मी नुसता "हां, हां" करत राहतो आणि बिल मात्र माझ्या नावावर येतं. तुमचाही दोष नाही म्हणा, वाचनालयातली नोकरी, तिथं हळू बोलण्याचाच पगार मिळतो. म्हणून पत्र लिहितोय. बेबीच्या देखत वाचा, पण वाचनालयात वाचू नका, हसू आलं तर नोकरीवर बेतायचं.

आधी जुना विषय काढतो, रागावू नका. तीन दिवाळ्या झाल्या, तुम्ही आमच्या घरी पाऊल टाकलं नाही आणि बेबीलाही पाठवलं नाही. कारण मला ठाऊक आहे. बेबीनं उषावहिनीला सांगितलं आणि उषानं मला (उषाला एखादी गोष्ट सांगितली की ती माझ्यापर्यंत येते, वाटेत चार घरं करून येते एवढंच). त्या आधीच्या दिवाळीत, बाळाच्या बारशाआधी, तुम्ही आमच्या वडिलांच्या, अप्पांच्या पाया पडलात आणि विचारलंत, मुलीला सासूबाईंचं, म्हणजे आमच्या आईचं नाव ठेवू का. आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. अप्पा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, उठले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. तुम्ही हातातला लाडू ताटात ठेवलात, बेबीला आणि बाळाला घेऊन एस.टी. पकडलीत आणि मुलीचं नाव स्नेहल ठेवून टाकलंत. मी तुमच्या जागी असतो तर तेच केलं असतं, फक्त लाडू सोडला नसता. त्यावरून मी अप्पांशी भांडलोही. म्हणजे मी भांडलो आणि ते "बघू" म्हणाले. बेबीशिवाय भाऊबीज म्हणजे मला घास गोड लागत नाही दाजी, हे स्पष्टच लिहितो. म्हणून यंदा ठरवलं की गाडी घ्यायची आणि दारात उभी करून बहिणीला घेऊनच यायचं.

गाडी घेतली. सेकंडहँड आहे, पांढरी आहे, आणि बियाण्याच्या दुकानापुढे उभी केली की गिऱ्हाईक उधारी मागायला लाजतं. सगळं चांगलं होतं, फक्त स्पीकर कंपनीचे होते. गाणं लावलं की चार घरं सोडून कुणीतरी गुणगुणतंय असं वाटायचं, आणि खड्डा आला की तेही थांबायचं. नांदेडपर्यंतचा रस्ता, येताना बेबी गाडीत, आणि गाणं ऐकू येऊ नये म्हणजे काय? उषा म्हणाली, तुम्हाला बहिणीला आणायचंय का वरात काढायचीय. (ती हे सहज म्हणाली. पुढे काय होणार याची तिला कल्पना नव्हती.) मी दसऱ्याचा मुहूर्त धरला, गाडीला झेंडूचा हार घातला आणि परतूरला धान्याच्या मोंढ्यासमोर संपतकडे गेलो.

आता हा संपत म्हणजे ट्रॅक्टरला गाण्याचा डेक बसवणारा. आपल्या भागात ट्रॅक्टर घेतला की आधी पूजा आणि मग संपत, असा रिवाजच आहे. कार त्यानं आयुष्यात उघडली नव्हती, हे त्यानं मला सगळं उघडून झाल्यावर सांगितलं. कंपनीचा स्पीकर त्यानं दारातून काढला, तळहातावर घेतला, उजेडात धरला आणि म्हणाला, "साहेब, ह्यो स्पीकर न्हाई, पापड हाये. खर्चा करायचा तर बराबर करा, न्हाई तर राहू द्या." मी म्हणालो, करू बराबर. दाजी, तिथंच चुकलं. ट्रॅक्टरचा डेक हा ट्रॅक्टरच्या आवाजावर मात करायला जन्मलेला असतो. माझी गाडी बिचारी आवाजच करत नाही, तेव्हा मात कुणावर करायची? संपतनं दोन्ही दारांचे पत्रे कापले, मागच्या काचेखालची फळी कापली, डिकीत प्लायवूडचा पेटारा ठोकून त्यात कढईएवढे दोन स्पीकर बसवले. डिकीत जागा उरली नाही म्हणून स्टेपनी मागच्या सीटवर आली आणि आजतागायत ती तिथंच पाहुण्यासारखी बसलेली आहे. अँप्लिफायरला माईकची सोय होती. मी म्हणालो, मला माईक कशाला? तो म्हणाला, "इलेक्शन आलं की कामाला येतो." मी कसल्याही इलेक्शनला उभा नाही, पण फुकट मिळतोय म्हणून घेतला.

परतूरच्या बाहेर पडायच्या आतच देवीच्या विसर्जनाची मिरवणूक आडवी आली. मी शहाण्या माणसाप्रमाणे गाडी बाजूला घेतली आणि आवाज कमी करायला बटण फिरवलं, तर बटण हातात आलं. नेमकं त्याच वेळी मंडळाचं जनरेटर बंद पडलं. पुढचं वर्णन मी बेबीसाठी थोडक्यात करतो. पोरांनी नाच थांबवला, कान टवकारले, माझ्या गाडीकडे वळून पाहिलं आणि गाडीला गराडा घातला. मी काचेआडून हात जोडून विनवत होतो की गाडी माझी आहे, मला घरी जाऊ द्या. त्यांना वाटलं मी देवीला हात जोडतोय, म्हणून त्यांनी काच खाली करायला लावून मला गुलाल लावला. मग पुढे देवी, मागे मी, माझ्यामागे अख्खं परतूर, अशी आम्ही नदीपर्यंतची वाट चाललो. शेवटी मंडळाच्या अध्यक्षांनी मला नारळ दिला आणि गणपतीचीही तारीख विचारून ठेवली. कमाई म्हणून तो नारळ अजून घरात आहे.

तीर्थपुरीत शिरलो तेव्हा बटण माझ्या खिशात आणि आवाज होता तेवढाच. गल्लीत वळलो आणि शेजारच्या मालनबाईंच्या मांडणीवरची भांडी एकेक करून खाली उतरली. उषा दोन्ही कानांवर हात ठेवून बाहेर आली, मालनबाई पदरानं कान झाकून आल्या, गल्लीतलं कुत्रं खळ्याकडे गेलं ते दुसऱ्या दिवशी परतलं. आणि दाजी, त्या सगळ्या गोंधळात ओसरीवरून अप्पा उठले. मला वाटलं आता काठी बसणार. ते हसत हसत आले, आई गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी दार उघडलं, स्टेपनीला सरकवून शेजारी बसले, मान डोलवली आणि म्हणाले, "लई दिवसांनी कुणीतरी नीट बोलून राह्यलं."

आम्ही सगळे कानांवर हात ठेवून एकमेकांकडे बघत राहिलो. अप्पांना ऐकू येत नाही. कधीपासून येत नाही ते देव जाणे, आणि आमच्यापैकी कुणालाही त्याचा पत्ता नव्हता. अप्पा प्रत्येक गोष्टीला "बघू" म्हणायचे आणि आम्ही म्हणायचो, माणूस धोरणी आहे. गावात तंटा झाला की लोक मुद्दाम अप्पांना बोलवायचे, कारण दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेणारा असा दुसरा माणूस पंचक्रोशीत नाही. (त्यांनी सोडवलेले सगळे तंटे आता पुन्हा उकरले जातील की काय अशी मला धास्ती आहे. कुणाला बोलू नका.) जालन्याच्या डॉक्टरांनी कानातलं मशीन लिहून दिलं. अप्पा म्हणाले, "मशीन बहिऱ्याला लागतंय. तुम्ही लोक हळू बोलता, त्याला मी काय करू?" आणि परत गाडीत जाऊन बसले.

तेव्हापासून ते गाडीतच आहेत. चहा गाडीत, पान गाडीत, बातम्या आणि बाजारभाव गाडीत. बॅटरी रोज उतरते, रोज आम्ही धक्का मारतो, अप्पा आतून हात हलवतात. आणि तो फुकटचा माईक घरात आता मिठासारखा लागतो. अप्पांना काहीही सांगायचं तर माईकवर सांगायचं, म्हणजे गावालाही सांगायचं. परवा उषानं माईकवर विचारलं, "अप्पा, भाजी कोणती करू?" अप्पांच्या आधी मालनबाईंनी भिंतीपलीकडून उत्तर दिलं, "शेपू न्हाई म्हणावं. काल आमच्याकून नेल्ती ती संपवा आधी." माझ्या पोटाच्या तक्रारीही मी अप्पांच्या कानावर घातल्या, आता तीर्थपुरीत मला रस्त्यात थांबवून लोक ओवा देतात.

एवढं सगळं झाल्यावर काल दुकानात बसल्या बसल्या माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दाजी, त्या दिवाळीला तुम्ही वाकून, पायांकडे बघत, तुमच्या त्या वाचनालयाच्या आवाजात विचारलंत. अप्पांना "बघू" म्हणायलासुद्धा समोरचा बोलतोय हे कळावं लागतं. त्यांना दिसलं ते एवढंच की जावई पाया पडला, गप्प उभा राहिला आणि जेवण सोडून निघून गेला. त्यांचा समज आजवर असा की जावई गर्विष्ठ आहे, सासऱ्याशी शब्द बोलत नाही. तुमचा समज काय होता ते तुम्हाला माहीतच आहे. जिल्ह्यातला सगळ्यात कमी ऐकणारा सासरा आणि मराठवाड्यातला सगळ्यात हळू बोलणारा जावई आम्ही शोधून शोधून एकत्र आणले, मंग दुसरं काय होणार होतं?

तर राग सोडा आणि दिवाळीला या. उषाचा नमस्कार. बेबीला म्हणावं, रडू नकोस, भाऊबिजेच्या ओवाळणीला माझ्याकडे एक नारळ तयार आहे.

तुमचा मेहुणा,
धर्मराज

ता. क. गाडी घेऊन न्यायला येतो असं वर लिहिलंय, ते तेवढं वाचू नका. अप्पा गाडीतून उतरत नाहीत. उतरवायला गेलं की "बघू" म्हणतात, आणि आता तर त्यांना ऐकूही येतं. तेव्हा एस.टी.नंच या. घसा सांभाळून या, गार काही पिऊ नका, तुम्हाला माईकवर बोलायचं आहे.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. आज सकाळी मला राहवलं नाही. मी माईक घेतला आणि तुम्ही तेव्हा काय विचारलं होतं ते अप्पांना सांगितलं. गावानंही ऐकलं, इलाज नव्हता.  अप्पांनी विचारलं, पोरीचं नाव काय ठेवलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "ते नाव शाळेत राहू दे." आणि हात पुढे करून माझ्याकडून माईक मागून घेतला. दाजी, तुम्हाला ठाऊक आहे, आमच्याकडे त्या पिढीत कुणी बायकोचं नाव घेत नाही. आईला ते जन्मभर "धर्मराजची आई" म्हणाले, ती गेली त्या दिवशीसुद्धा. त्यांनी माईक तोंडाशी धरला आणि म्हणाले, "सगुणा. माझ्या सगुणाला घेऊन या म्हणावं." चौकातल्या चहावाल्यानं म्हणे स्टोव्ह बारीक केला.  अप्पांनी काचेवर टकटक केली आणि मला विचारलं, "नांदेडपर्यंत गेला का आवाज?"