चपला आहेत ना?

सोमवार, ४ तारीख
वही घेऊन आठ दिवस झाले, आजवर एक ओळ लिहिली नाही. आज लिहू, उद्या लिहू. माझा फोन काढून घेतला तेव्हा ताईनेच ही दिली. हात शिवशिवले की यात लिही, म्हणाली. गेम आणि ते घाणेरडे व्हिडिओ, त्यांच्यापायी तीन नोकऱ्या घालवल्यास. चौथी महिनाभर टिकवून दाखव, तोवर मी तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही.

तर ही चौथी! पोरांच्या लॉजवर केअरटेकर. सहा खोल्या, सहा पोरं, सगळी माझ्याच वयाची. माझ्या खोलीला खिडकी आहे, तिच्यात एक मांजर येतं, त्याचा अर्धा कान... असो, भरकटलो. मालक काकांनी काम समजावलं. दारापुढे ताट ठेवायचं, रिकामं उचलायचं आणि सकाळी हजेरी घ्यायची. ती चपलांवरून. चपला बाहेर म्हणजे पोरगा आत. दारं वाजवून पोरांना पिडायचं नाही. एवढंच? मग मजाच आहे की!

बुधवार, ६
सहाही हजर. तीन नंबरवाल्याची आई रोज अकराला ऑफिसच्या फोनवर. त्याचा फोन लागत नाही म्हणते. मी सांगतो, आंघोळीला गेलाय. आज तिने विचारलं की बाळा, तीन दिवस आंघोळच करतोय का रे तो? काय बोलणार, कप्पाळ! रविवारी त्याला फोनवर आणतो, असा शब्द देऊन बसलो.
दार वाजवलं. आतून आलं, पाच मिनिटं.

शुक्रवार, ८
दोन दिवस तेच. पाच मिनिटं. आज दारावर लाथ घातली, म्हटलं आई आहे रे ती तुझी. पाच मिनिटं. डोकं फिरतं ते यामुळे की हे माझंच वाक्य आहे. ताईला वर्षभर हेच ऐकवलं मी, आणि ती गार झालेलं ताट परत परत गरम करत राहिली.
इथलं तीन नंबरचं ताट तर तसंच परत येतं. काका म्हणतात, बाहेरून मागवत असेल. मग घ्यायला खाली कोण येतं? त्याच्या चपलेपासून उंबरठ्यापर्यंत कोळ्याचं जाळं लागलंय. काकांना दाखवलं. ते म्हणाले, चपला आहेत ना? मग झालं तर.

रविवार, १०
सगळी दारं वाजवली. सहाही खोल्यांतून पाच मिनिटं. आवाज एकच.
अकराचा फोन उचललाच नाही मी.

सोमवार, ११
काकांच्या जुडग्यातली किल्ली ढापली. तीन नंबर उघडला. आत कोणी नाही. खुर्चीची गादी खचलेली, गरम.
कॉम्प्युटरच्या पडद्यावर एका बाजूला थांबलेला व्हिडिओ. त्यातल्या बाईचा चेहरा काउंटरवर दिवसभर बसल्यासारखा कंटाळलेला. पुढचा कोण, एवढंच विचारणारा. दुसऱ्या बाजूला गेम. सहा सैनिक रांगेत. चिलखतं, बंदुका. पाय मात्र अनवाणी.
तिसरा माझ्याकडे वळला. ओठ हलले. आई म्हणाला.
काकांना ओढत आणलं. त्यांनी आत पाहिलंसुद्धा नाही. चपलांकडे बोट केलं, हजर आहे म्हणाले, आणि गेले.

मंगळवार, १२
त्याला गेममधून बाहेर काढायचं तर कोणीतरी तो खेळून संपवायला हवा. फक्त तेवढ्यासाठी. त्याच्या आईला शब्द दिलाय. सवयीने चपला दाराबाहेर काढल्या आणि बसलो.
पाच मिनिटं फक्त.

बुधवार — बहुतेक
एक लेव्हल राहिलीय, मग तो सुटेल — बाईने मान वळवली, माझ्याकडे — ताट कोणी ठेवलं? भूक नाही —

तारीख
फोन वाजतोय खाली. अकरा. कुठल्या दिवसाचे —
पायाला फरशी लागत नाही —

जिन्यावर पावलं. काका कोणाला तरी सांगतायत, चपला आहेत ना त्याच्या, म्हणजे आतच असणार.
ताई! ताई आलीय. महिना कुठे झाला, तरी आली —
दार वाजवतेय. ढकल ना ताई, कडी नाही लावलेली, ढकल — ओरडतोय मी, आणि तिला जे ऐकू जातंय ते मलाही ऐकू येतंय, पाच मि