झाकायचा राहिलेला बिट

३ मार्च, लातूर
मुदखेडहून सकाळच्या गाडीने आले. काम मनासारखं आहे: व्हर्च्युअल मशीनच्या, म्हणजे संगणकात भासवलेल्या संगणकाच्या, आत आणखी एक व्हर्च्युअल मशीन चालवायचं. आतल्याने प्रोसेसरचं नियंत्रण-रजिस्टर वाचलं की खरी किंमत द्यायची नाही. त्याला पटेल ती द्यायची. कोणते बिट, म्हणजे शून्य-एकचे खण, झाकायचे ते मास्क ठरवतो, आणि मास्क मी लिहिणार. ऑफिसच्या वरच सिद्धम्मांकडे खोली मिळाली. नळ आठ दिवसांनी येतो, तोवर पिंपातलं पाणी पुरवायचं. पाणी नितळ आहे.

६ मार्च
आज सिस्टिमवर जुन्या मास्कच्या जागी माझा चढवला. संध्याकाळी पिंपात तांब्या बुडवताना बोटांना बुळबुळीत लागलं. शेवाळ नव्हे, सोललेल्या कातडीसारखं. पाहिलं तर नितळ. सिद्धम्मा म्हणाल्या, इंजिनीरबाई, पाणी पिऊन राहिल्या का तपासून राहिल्या? आणि स्वतः घटाघटा प्यायल्या. त्यांच्या हनुवटीवरचा थेंब माझ्या मनगटावर पडला. त्याला पाय होते.

८ मार्च
चूक सापडली. एक बिट झाकायचा राहिला होता. प्रयोग म्हणून शेजारचाही उघडला. पिंपाला वास आला, फुगलेल्या उंदराचा. झाकला, वास गेला. चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा तेच. म्हणजे मास्क माझ्याच इंद्रियांवर चालतोय; आतलं मशीन मीच आहे. ओकारी आली. ओकलेलंही नितळ दिसलं.

९ मार्च
स्टेशनवर जाऊन नळाखाली हात धरला. तिथेही तेच बुळबुळीत. कंपनीचे मालक वीरण्णा, त्यांना सांगितलं, दुरुस्ती करणार नाही. राहिलेला बिट स्पर्शाचा; स्पर्श तेवढा खरा उरलाय. तो झाकला तर मी हे पीत राहीन. ते हसले. म्हणाले, म्याडम, सुरुवातीला आमचंबी असंच झालतं, मग लई गोड लागतं. आता ऑफिसातले मडिवाळप्पा आज पाच वाजता दुरुस्ती चढवणार आहेत.

४:५५
डावा हात तांब्यात. हलतंय. बोटांच्या बेचक्यात — मऊ, दातांचं — लागतं ते लिहून ठेवतेय, नंतर वाचून मला —

५:०२
पाणी आहे. गार. वरचं वाचलं. अक्षर माझंच, पण असं किळसवाणं मी कशाला — तहान फार. अर्धा तांब्या प्याले. खरंच गोड. काही लागत नाही, काही दिसत नाही. नुसता आवाज येतोय, बारीक कुरतडल्याचा, माझ्या आतून —