बेथलेहेमचा तारा आणि शून्य तास

२ डिसेंबर, सकाळी
चहा गाळताना एकदम आठवलं. मागच्या दाराची पायरी, ताई आणि मी. चॉकलेटांवरचे चंदेरी कागद चमच्याच्या पाठीने घासून सपाट करायचे आणि पुठ्ठ्याच्या ताऱ्यावर चिकटवायचे. त्यासाठी चॉकलेटं आधी संपवावी लागत, तेही केलं. ताईच्या गालाला खळ लागली. मी हसले, तर तिने माझ्याही गालाला लावली. एवढंच. चोपन्न वर्षं झाली.
आठवण्याचं कारण शाळेचं पत्र. शाळेला शंभर वर्षं झाली, सोळा तारखेला माजी विद्यार्थिनींचा मेळावा. प्रिन्सिपल सिस्टरनी मला दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. विषय माझ्या आवडीचा.
विषय ठरला. येशूच्या जन्माच्या वेळी दिसला तो बेथलेहेमचा तारा म्हणजे नेमका कोणता, आणि तो जन्म नेमका कधीचा. विद्वान चारशे वर्षं भांडताहेत. मी त्याच शाळेचं वेळापत्रक सव्वीस वर्षं केलंय. अडतीस शिक्षक, एक प्रयोगशाळा, आणि कधी दोघे एका वर्गात समोरासमोर आले नाहीत. ग्रह तर सातआठच आहेत.
संकल्प: रोज दोन तास संशोधन. गोड बंद.

३ डिसेंबर
संशोधन नाही. टेबल आवरलं. आवरल्याशिवाय विचार सुचत नाहीत. आवरताना चॉकलेट सापडलं. जुनं होतं, म्हणजे संकल्पाच्या आधीचं. ते मोजायचं नाही.

५ डिसेंबर, दुपारी
जोरात प्रगती! राजा हेरोद मेला इसवी सनापूर्वी चार साली, असं बहुतेक विद्वान म्हणतात. येशू जन्मला तेव्हा तो जिवंत होता. म्हणजे ख्रिस्तजन्म ख्रिस्तपूर्व! ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, वेळेआधी येणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे, तू स्वतःच्या लग्नाला दीड तास उशिरा आली होतीस.
इ.स.पू. सात साली गुरू आणि शनी मीन राशीत एकाच वर्षात तीनदा जवळ आले. गुरू पुढे जातो, वक्री होऊन मागे येतो, पुन्हा पुढे. ग्रहांवरचं पुस्तक आणलंय, त्यात यावर अकरा पानं आहेत. मला अर्ध्या मिनिटात कळलं. आमच्या भूगोलाच्या बाई वर्गाकडे निघायच्या, डस्टर विसरला म्हणून मागे फिरायच्या, पुन्हा निघायच्या, आणि तिन्ही वेळा जिन्यात गणिताचे सर भेटायचे. पुढे त्यांचं लग्न झालं. खगोलशास्त्र अवघड आहे असं उगाच म्हणतात.

७ डिसेंबर
एका शब्दात उलगडा! बायबलात बाळ येशूला शोधत ज्ञानी लोक पूर्वेकडून आले आणि म्हणाले, आम्ही त्याचा तारा पूर्वेस पाहिला. मग पूर्वेला तारा बघून ते लोक पश्चिमेला का चालले? लहानपणी हे मी शाळेतल्या येशूजन्माच्या नाटकाच्या तालमीत विचारलं होतं. सिस्टर म्हणाल्या, मेंढ्या बोलत नाहीत. (मी मेंढी होते.)
तर ते ‘पूर्वेस’ नव्हेच, ‘पूर्वी’! तारा त्यांनी पूर्वी पाहिला होता. ‘इसवी सनापूर्वी’तला तोच पूर्व. ताबडतोब ताईला फोन. ताई म्हणाली, अगं वेडे, बायबल मूळ मराठीत लिहिलेलं नाही. मी म्हटलं, तो तपशील झाला.
मग नेहमीचं सुरू. त्या नाटकात ताई तारा होती. म्हणजे पडद्याआड स्टुलावर उभं राहून ताऱ्याची दोरी धरायची. ऐन वेळी तिने सोडली, आमचा चंदेरी तारा धाडकन योसेफ झालेल्या मुलीच्या डोक्यावर. सगळा हॉल खोखो हसला. सिस्टरनी दोरीचं काम ताईकडून काढून घेतलं आणि तिला खुर्च्या लावायला बसवलं. मॅट्रिक होईपर्यंत ती खुर्च्याच लावत होती. अजूनही कुठल्या हॉलमध्ये शिरली की आधी खुर्च्या सरळ करते.
ताई म्हणते दोरी तिने सोडली नाही, तिला हिसका बसला. आणि म्हणते, तू तेव्हा तिसरीत होतीस. मी चौथीत होते! तारखांच्या बाबतीत मी चुकत नाही. तिने एकदा, फक्त एकदा कबूल करावं, एवढंच माझं म्हणणं. मी मनात काही धरलेलं नाही. तारा पुरावा म्हणून कपाटाच्या वरच्या खणात आहे, बस.

९ डिसेंबर, दुपारी साडेतीन (वेळ नोंदवून ठेवते, पुढे लागेल)
शोध लागला!!
कॉम्प्युटरवर जुनं आकाश दाखवणारा प्रोग्राम आहे. वर्षाच्या जागी उणे सात घातलं. महिन्यामागून महिने बघितले. गुरू एकीकडे, शनी दुसरीकडे, मध्ये चांगलं वीतभर अंतर. जवळीक नाहीच! चारशे वर्षं सगळे चुकले आणि कोणी उघडून बघितलं नाही.
हे म्हणाले, चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलं, लोक तक्त्यावरची शेवटची ओळ दिसली नाही तर पाठ म्हणून दाखवतात. मला बोलण्याचा रोख कळला नाही. कौतुकच असावं.
वेधशाळेला पत्र धाडलं. सौम्य भाषेत. ‘आपला दोष नाही’ असंही लिहिलं. भाषण बेचाळीस पानं झालंय.

१२ डिसेंबर
वेधशाळेचं उत्तर. दीड ओळ. ‘उणे सहा घालून बघा. आमच्या मोजणीत शून्य हे वर्ष असतं.’
घातलं. गुरू-शनी गळ्यात गळे घालून.
इतिहासात इ.स.पू. एकच्या पाठोपाठ थेट इसवी सन एक. आकाशवाले मात्र मध्ये एक शून्य घुसवतात. म्हणजे त्यांचं उणे सात हे आपलं इ.स.पू. आठ, मी भलत्याच साली बघत बसले होते.
सव्वीस वर्षांत तीन प्रिन्सिपल मला म्हणाल्या, पहिल्या तासाआधी शून्य तास ठेवू या. तिघींना मी सांगितलं, शून्य नावाचा तास नसतो. आता शून्याने सूड घेतला. हे हसले नाहीत. टॉवेल घेऊन बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

१३ डिसेंबर
खचले नाही. उलट बरं झालं. प्रत्यक्ष साक्षीदार असलेला बेथलेहेमचा तारा एकच, आमच्या शाळेतला. त्यावरच बोलणार. ताई येणार आहे, गाडीचं तिकीट काढलंय. भर सभेत, प्रेमाने, कबुली घेणार.
सिस्टरांचा फोन. जुने फोटो सापडलेत, बोलताना मागच्या पडद्यावर लावू का? म्हटलं, खुशाल लावा.

१६ डिसेंबर, संध्याकाळी
सुरुवात उत्तम. हॉल भरलेला. ताई पहिल्या रांगेत, शेजारची खुर्ची सरळ करत. मी म्हटलं, मी चौथीत होते, माझ्या थोरल्या बहिणीने दोरी सोडली, आणि आज ती ते कबूल करणार आहे. हशा. इतका हशा मला आयुष्यात मिळाला नव्हता. मी वाक्य पुन्हा म्हटलं. आणखी हशा. योसेफ झालेली बाई तर डोळे पुसत होती. म्हटलं, आपल्यात ही कला होती आणि आपण वेळापत्रकात आयुष्य घालवलं.
मग मागे वळून पाहिलं.
भिंतभर फोटो. पडद्याच्या फटीतून ताईचा हात, मूठ घट्ट आवळलेली. मुठीतून दोरीचं उरलेलं टोक निघालंय, ताठ, जमिनीला समांतर, ते थेट मेंढीच्या तोंडात. मेंढी मन लावून चावतेय आणि ओढतेय. खाली तेव्हाच्या सिस्टरांच्या सुंदर अक्षरात: इयत्ता तिसरी.
पुन्हा एका वर्षाने चुकले.
पहिल्या रांगेतून ताई म्हणाली, बॅऽऽ.
मी फोटोसमोरच उभी. तीच वर आली, माझ्या हातातले कागद घेतले, म्हणाली, चल गं मेंढे, खाली बस. खुर्ची तिनेच ओढून दिली. मी कानात सॉरी म्हटलं. ती म्हणाली, काय? ऐकू नाही आलं, मोठ्याने. मोठ्याने म्हटलं. माइक चालू होता.

उद्या सकाळच्या गाडीने ताईबरोबर आठवडाभर तिच्याकडे. जाण्याआधीची व्यवस्था: बेचाळीस पानं सिस्टरांना, मागची बाजू कोरी आहे, मुलींना रफ कामाला होतील. ग्रहांचं पुस्तक भूगोलाच्या बाईंना, आणि गणिताच्या सरांनाही वाचू द्यावं. वेधशाळेला आभाराचं पत्र, दीड ओळीचं. ह्यांना चॉकलेटाचा डबा. जुनी-नवी सगळी चॉकलेटं आता मोजली, डबा रिकामा आहे. फोटोची एक प्रत मला.
तारा ताईला. तो मी स्वतः नेणार, मांडीवर. दोरी तिच्या हातात. मी तोंड मिटून.